बिलाचं आधी बोला

हॉटेलातलं जेवण आटोपतं, बडीशेपेच्या वाटीबरोबर बिल येतं आणि तोवर मोकळेपणाने गप्पा मारणारी माणसं एकाएकी अवघडतात. एक जण पाकिटाला हात घालतो, दुसरा त्याचा हात धरतो, तिसऱ्याला नेमका तेव्हाच फोन येतो आणि चौथा हात धुवायला उठतो. ‘राहू दे, मी देतो’, ‘छे, मागच्या वेळी तूच दिलं होतंस’ अशी झटापट होते, वेटर कार्डाचं मशीन घेऊन ताटकळत उभा राहतो. यात द्यायची खरी इच्छा कुणाची आणि नुसता उपचार कुणाचा, हे कळायला मार्ग नसतो. अशा वेळी नेमकं काय करावं, असा सल्ला पुष्कळ जण विचारतात. माझं म्हणणं असं, की त्या घडीला करण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं. बिलाचा प्रश्न मेनूकार्ड उघडण्याआधी, शक्यतो बोलावतानाच मिटवायचा असतो. ज्याने बोलावलं त्याने द्यायचं. तसं करायचं नसेल, तर तेही बोलावतानाच सांगायचं. एवढं पाळलं तर बाकीचे बहुतेक पेच पडतच नाहीत, आणि जे पडतात ते निभावण्याइतके लहान असतात.

आपल्याकडे या बाबतीत इतका गोंधळ का, याचं एक कारण म्हणजे चारचौघांबरोबर बाहेर जेवण्याची रीतच मुळात फार जुनी नाही. घरच्या पंगतीला यजमान कोण आणि पाहुणा कोण याबद्दल कधी शंका नव्हती. मानपानाचे नियमही पिढ्यान्‌पिढ्या घोटलेले होते. बाहेर, परक्याच्या हातचं खाणं ही मात्र धर्मसंकटाची गोष्ट होती. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये १८९० साली चहा घेतल्याच्या कारणावरून रानडे आणि टिळकांसह अनेकांवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, ओढवलं होतं. दादरचं मामा काणे यांचं उपाहारगृह १९१० सालचं, म्हणजे मध्यमवर्गीय मराठी माणसाने निःशंकपणे बाहेर बसून खाण्याला फार तर चार-पाच पिढ्या झाल्या. सहकुटुंब किंवा ऑफिसच्या दहाजणांनी दर महिन्याला हॉटेलात जेवणं तर त्याहून किती तरी अलीकडचं. त्यामुळे झालं असं, की घरच्या यजमानाचे नियम आपण हॉटेलात घेऊन गेलो, पण तिथे यजमान कोण हेच ठरवायचं विसरलो. टेबलाभोवती सगळे पाहुणे आणि सगळेच यजमान अशी अवस्था होते, आणि मग शेवटी ज्याला संकोच सगळ्यात जास्त, त्याच्या खिशाला कात्री लागते.

आधी ठरवल्याने खरंच फरक पडतो का? याचं बऱ्यापैकी स्वच्छ उत्तर एका प्रयोगातून मिळतं. उरी ग्नीझी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी इस्रायलमध्ये तो केला आणि २००४ साली ‘इकॉनॉमिक जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांचे सहा-सहा जणांचे गट रेस्टॉरंटमध्ये बसवले. काही गटांना सांगितलं, आपापलं बिल आपण द्यायचं. काहींना सांगितलं, एकूण बिल सारखं वाटून घ्यायचं. आणि काहींना सांगितलं, जेवण फुकट आहे. आपापलं देणाऱ्यांनी माणशी सरासरी सुमारे ३७ शेकेलचं खाल्लं, सारखं वाटून घेणाऱ्यांनी सुमारे ५१ शेकेलचं आणि फुकट जेवणाऱ्यांनी ८२ शेकेलचं. मेनूकार्ड तेच, भूकही साधारण तीच. बदलला तो फक्त आधी सांगितलेला नियम. यामागचं गणित साधं आहे. सहा जणांत सारखी वाटणी असेल, तर तीनशे रुपयांचा पदार्थ मागवणाऱ्याला तो स्वतःला पन्नास रुपयांत पडतो, उरलेले अडीचशे इतरांच्या पानात जातात. इतरही हाच विचार करत असतात, निदान आपण एकट्यानेच का हात आखडायचा असं त्यांना वाटतं. गंमत म्हणजे, तुम्हाला काय आवडेल असं विचारल्यावर बहुसंख्यांनी आपापलं देणंच पसंत केलं होतं. म्हणजे वाटणी अनेकांना नको असते, पण ती झालीच तर तिचा फायदा घ्यायचं कुणी सोडत नाही. याला लबाडी म्हणायची गरज नाही, पण सारखी वाटणी म्हणजे आपोआप न्याय, ही समजूत मात्र सोडायला हवी. ती सोय आहे, आणि त्या सोयीचे पैसे बहुधा कमी खाणारा भरतो.

कुणावर तो भार पडतो, हे टेबलाभोवती नजर फिरवली तरी दिसतं. ज्याचा उपास आहे म्हणून ज्याने साबुदाणा खिचडी आणि ताक एवढंच घेतलं. ज्याची पहिलीच नोकरी आहे आणि जो मेनूकार्डाचा उजवा रकाना आधी वाचतो. जो दारू पीत नाही. आणि श्रावण पाळतो म्हणून जो शेजारच्याच्या सुरमईकडे नुसता बघतो. यांच्यापैकी कुणीही ‘माझं कमी झालंय’ असं तोंडाने म्हणणार नाही. म्हणून सारखी वाटणी कुठे करायची आणि कुठे नाही, हे खाण्याच्या प्रकारावरून ठरवावं. अमर्याद थाळी किंवा सगळ्यांनी एकेक मिसळ घेतली असेल, तर हिशेब आधीच सारखा आहे. चार भाज्या, डाळ आणि रोट्यांची टोपली मध्ये ठेवून सगळ्यांनी वाढून घेतलं असेल, तरीही सारखी वाटणीच बरी. कुणी किती रोट्या खाल्ल्या हे मोजणाऱ्याबरोबर पुन्हा कुणी जेवायला जाणार नाही. पण प्रत्येकाने आपापली वेगळी डिश मागवली असेल, तर आपापलं द्यावं. आणि दारूचं बिल नेहमी वेगळं ठेवावं. यासाठी कायद्याने एक आयती रेघ आखून दिलेली आहे: खाण्यावर जीएसटी लागतो, दारू जीएसटीच्या बाहेर असून तिच्यावर राज्याचा व्हॅट लागतो, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी दोन्हींचा हिशेब वेगळाच येतो. ऑर्डर देतानाच ‘ड्रिंक्सचं बिल वेगळं करा’ एवढं वेटरला सांगितलं, की न पिणाऱ्याला नंतर तोंड उघडावं लागत नाही. हे सांगायचं काम मात्र पिणाऱ्याचं.

‘आपापलं’ म्हटल्यावर आणखी एक घोळ होतो. प्रत्येक जण मेनूकार्डावरचा आकडा देऊन मोकळा होतो आणि कराचा भार बिल भरणाऱ्यावर राहतो. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के असतो. तीन हजारांच्या खाण्यावर दीडशे रुपये. रक्कम मोठी नाही, पण दर वेळी तीच व्यक्ती पुढाकार घेऊन बिल भरत असेल, तर दर वेळी तिलाच ती सोसावी लागते. वाटा काढायचा तो शेवटच्या आकड्यावरून. उलट बाजूही तितकीच खरी: ॲपवरून भरल्याने सूट मिळाली असेल, तर ती सगळ्यांची. बिल स्वतःच्या कार्डावर घेऊन पॉइंट कमवायला हरकत नाही, सूट मात्र कमवू नये. सर्व्हिस चार्जचंही इथेच सांगून टाकतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं, की हॉटेलांनी तो बिलात आपोआप लावू नये; हॉटेलचालकांच्या संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. तेव्हा तो काढून टाका असं म्हणता येतं. पण म्हणायचं ते बिल देणाऱ्याने. दुसऱ्याच्या पैशाने जेवून वर मॅनेजरशी वाद घालणाऱ्या पाहुण्यामुळे यजमानाला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात जड आक्षेप असा, की जेवायला बोलावताना पैशाचं बोलणं असभ्य दिसतं. हा आक्षेप मराठी माणसाने घ्यावा याचं नवल वाटतं, कारण आपल्या लग्नपत्रिकांमध्ये हेच वर्षानुवर्षं छापलेलं असतं. ‘कृपया आहेर आणू नये’, ‘आपली उपस्थिती हाच आहेर’ ही वाक्यं म्हणजे देण्याघेण्याचा नियम निमंत्रणातच जाहीर करणं, दुसरं काय? त्यावरून कुणी कुणाला असभ्य म्हटल्याचं ऐकिवात नाही. उलट पत्रिकेत काही लिहिलेलं नसलं, की पाकीट न्यायचं की नाही यावर घराघरांत खल होतो. सोसायटीची कोजागरी, मित्रांची सहल, गणपतीचा महाप्रसाद, सगळीकडे वर्गणीचा आकडा आधी सांगितला जातो. मग शनिवारच्या जेवणाचाच अपवाद का? अडचण असते ती शब्दांची, आणि ते शब्द अवघड नाहीत. ‘शनिवारी माझ्याकडून जेवण, नक्की ये’ हे एक. ‘शनिवारी भेटू या का सगळे? कॉन्ट्री काढू’ हे दुसरं. ‘टीटीएमएम (तुझं तू, माझं मी) करू, म्हणजे ज्याला जे हवं ते घेता येईल’ हे तिसरं. फोनवर किंवा व्हॉट्सॲपच्या गटात यातलं एक वाक्य पडलं, की ज्याला परवडत नाही तो वेळीच काही तरी निमित्त सांगू शकतो किंवा ‘एवढ्या महाग जागी नको’ म्हणू शकतो. जेवण झाल्यावर त्याच्यापाशी हे दोन्ही मार्ग उरलेले नसतात. सगळ्यात वाईट निमंत्रण म्हणजे ‘चल, मस्त जागा सापडलीय, जाऊ या’. यात बोलावलंय की नुसतं सुचवलंय, हे समोरच्याला कळत नाही. तुम्ही असं म्हणून महागडी जागा स्वतः निवडली असेल आणि समोरचा तुमच्याहून कमी कमावत असेल, तर बिल तुमचं समजावं.

दुसरा आक्षेप जास्त मायेचा आहे. जिवाभावाच्या माणसांत हिशेब कसला, आज मी, उद्या तू, असं म्हणणारे म्हणतात; आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. दर वेळी चहाचे बारा रुपये यूपीआयने मागणारा मित्र कुणालाच नको असतो. पण ‘आज मी, उद्या तू’ हाही एक हिशेबच आहे, फक्त लांब पल्ल्याचा. मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ साली भेटीवरच्या आपल्या निबंधात दाखवलं, की समाजात देणं, घेणं आणि परत करणं या तिन्ही बांधिलक्या एकत्रच येतात. आपल्याकडच्या बायकांना हे सांगायला मोस लागत नाही. शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही, हे त्यांना ठाऊक असतं. घरोघरी आहेराची वही असते, आणि कुणी काय दिलं होतं ते पाहूनच त्यांच्या घरच्या कार्याला काय न्यायचं ते ठरतं. तेव्हा हिशेब ठेवणं कोतेपणाचं नाही. तो तोंडावर बोलून दाखवणं कोतेपणाचं. पाळीपाळीने देण्याची पद्धत टिकते कुठे, तर भिशीत. तिथे कुणाचा नंबर कधी, हे चिठ्ठी निघाली की सगळ्यांना माहीत असतं, म्हणून खाण्यापिण्याचा खर्च कुणाचा यावर रुसवे होत नाहीत. नुसतं ‘पुढच्या वेळी तू दे’ मात्र बुडीत खात्यात जातं, कारण त्याला तारीख नसते. म्हणून दुसऱ्याने बिल दिलं असेल तर तिथल्या तिथे म्हणावं, ‘पंधरा तारखेनंतर माझ्याकडून, जागा तू सांग.’ आणि मग खरंच फोन करावा. समोरच्याने हजाराचं जेवण दिलं म्हणून आपणही बरोबर हजाराचंच द्यावं असं नाही. ज्याची ऐपत कमी त्याने भेळ किंवा डोसा खिलवला तरी फेड झाली. खाऊ घालणाऱ्याचा मान रकमेत नसतो, पाळी चुकवली नाही यात असतो.

घरच्या माणसांत वयाचा मान आडवा येतो. थोरल्याने द्यायचं ही रीत चांगली होती, कारण तेव्हा कमावता थोरलाच असे. आता निवृत्त काका पेन्शनीत भागवतात आणि पुतण्या आयटी कंपनीत भरपूर कमावतो. तरीही सगळ्यांदेखत पुतण्याने कार्ड पुढे केलं की काकांना ते लागतं. इथे आधी बोलण्याचा नियम थोडा वळवून घ्यावा लागतो. ‘काका, प्रमोशन झालं म्हणून मी सगळ्यांना नेतोय, तुम्ही आशीर्वाद द्यायला या’ असं म्हटलं, की पुतण्या यजमान होतो आणि काकांचा मानही राहतो. एवढ्यावरही त्यांचं समाधान होत नसेल, तर जेवणानंतरचं आइसक्रीम किंवा पान त्यांच्याकडून आनंदाने घ्यावं. ते देऊ न देणं हा अपमान आहे. काउंटरवर आधीच जाऊन गुपचूप पैसे भरून येणं हा प्रकार बऱ्याच जणांना फार थोर वाटतो. यजमान आपण असू तर तो उत्तमच, पण दुसऱ्याने रीतसर बोलावलेलं असताना असं करणं म्हणजे त्याचं यजमानपण काढून घेणं. व्याह्यांच्या बाबतीत याची विशेष काळजी घ्यावी. मुलीकडच्यांनीच खर्च करायचा ही जुनी सवय अजून हॉटेलच्या टेबलापर्यंत येते. मुलाकडच्यांना ती खरंच मोडायची असेल, तर पहिलं बोलावणं त्यांनीच करावं आणि ‘आमच्याकडून’ हा शब्द फोनवरच उच्चारावा. बिल आल्यावरची ओढाताण मुलीचे वडील नेहमीच जिंकतात, कारण हरणं त्यांना परवडत नाही.

पुरुषाने द्यायचं की बाईने, हा प्रश्नही याच नियमाने बराचसा सुटतो: ज्याने विचारलं त्याने द्यावं. यावर कुणी म्हणेल, आपल्याकडे बहुधा पुरुषच विचारतो, म्हणजे फिरून खर्च त्याच्याच माथी. पहिल्या भेटीपुरतं हे खरं आहे. पण दुसऱ्या भेटीचं बोलावणं तिने करावं, जागा तिने सांगावी, म्हणजे तोल आपोआप येतो. आणि तिला दुसरी भेट नकोच असेल, तर तिने पहिल्या वेळचा आपला वाटा देऊन टाकावा आणि त्याने तो घ्यावा. नको नको म्हणून नाकारलेला वाटा पुढे उपकार होऊन तिच्या मानेवर बसतो. ऑफिसात मात्र लिंगापेक्षा हुद्दा महत्त्वाचा. साहेबाने सगळ्या टीमला नेलं तर साहेबाने किंवा कंपनीने द्यावं; टीमने आपणहून साहेबाला बोलावलं, तरी कॉन्ट्रीतला त्याचा वाटा इतरांहून थोडा मोठा असावा. सरकारी नोकरांनी तर वेगळंच भान ठेवायला हवं. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत एखाद्या वेळचं जेवण ही भेट मानलेली नाही, पण ज्याचं कार्यालयात काम आहे अशाकडून उंची किंवा वारंवार होणारा पाहुणचार टाळा, असंही त्यातच बजावलेलं आहे. ठेकेदार ‘साहेब, पुढच्या वेळी तुम्ही’ म्हणतो तेव्हा ती पुढची वेळ जेवणाची नसते.

परदेशात गेलेल्या मराठी माणसाला थोडं वेगळं वळण अंगी बाणवावं लागतं. जर्मनीत वेटरच विचारतो, एकत्र की वेगवेगळं, आणि वेगवेगळं म्हणण्यात कुणालाच काही वाटत नाही. अमेरिकेत वाढदिवसाला मित्रच त्या व्यक्तीला जेवू घालतात. आपल्याकडे ज्याचा वाढदिवस त्याच्याकडून पार्टी उकळतात. पुण्याहून नुकत्याच गेलेल्या विद्यार्थ्याने आपल्या वाढदिवसाला सगळ्यांना बोलावून बिल भरण्याची तयारी ठेवली तर उत्तमच, पण तिकडच्या मित्राच्या वाढदिवसाला रिकाम्या हाताने जाऊन त्याच्याकडे आशेने बघू नये. शिवाय तिथे टिप हा बिलाचाच भाग समजून वाटणीत धरायचा असतो.

पाहुण्यानेही काही पाळावं. यजमान काय मागवतो ते आधी पाहावं, त्याच्या डिशच्या आसपासच्या किमतीचं मागवावं. ‘काहीही चालेल’ म्हणून वेटरला खोळंबून ठेवू नये. बिलाकडे डोकावू नये. द्यायची तयारी एकदा दाखवावी, नकार आला की ‘मनापासून आभार, फार छान झालं’ म्हणून थांबावं. एवढं सगळं करूनही काही न ठरवता बिल आलंच, तर ज्याच्या हातात ते पडलं त्याने सगळं भरून टाकावं आणि रात्रीच गटात बिलाचा फोटो, एकूण रक्कम आणि प्रत्येकाचा वाटा टाकावा. वाटा दहाच्या पटीत खाली उतरवावा. चारशे सदतीस रुपयांऐवजी चारशे तीस. यूपीआयवर पूर्वी थेट मागणी पाठवता यायची, पण फसवणुकीमुळे यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधली ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ बंद केली, तेव्हा आता क्यूआर कोड टाकून शब्दांनीच मागावं लागतं. दोन दिवसांत पैसे न आलेल्याला एकदाच आठवण करावी, तीही गटात नाही, त्याला एकट्याला. तरीही आले नाहीत तर ते सोडून द्यावेत, आणि त्याला पुढचं बोलावणं करताना ‘टीटीएमएम’ हा शब्द पहिल्याच ओळीत घालावा.